पान एकशे तेरावरची बाई

अकोला
९ नोव्हेंबर २०२४

चि. धर्मेंद्र यास,

धाकट्या भावाला पत्र लिहिताना 'अनेक आशीर्वाद' लिहायची पद्धत आहे. या वेळी ते माझ्याकडेच राहू देते. पत्र वाचून झाल्यावर हवेसे वाटले तर कळव, पाठवीन.

व्हॉट्सअॅपवर तुला दोनदा लिहिलं. पहिल्या वेळी तू अंगठा पाठवलास, दुसऱ्या वेळी जोडलेले हात. अंगठ्याशी आणि जोडलेल्या हातांशी भांडता येत नाही, म्हणून कागद घेतला आहे.

भाऊबीजेला तू आला नाहीस, तुझं पुस्तक आलं. माय ओट्यावर मेथी निवडत बसली होती. तिनं हात पदराला पुसले, पुस्तक उलटंसुलटं केलं, मागचा तुझा फोटो पाहिला आणि म्हणाली, "वाळला पोट्टा." मग माझ्या हातात दिलं. "मी कोठी आहो यात, थे वाच."

'एक शब्द, चार घरं'. नाव चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. एकेक शब्द घ्यायचा आणि तो कुठल्या भाषेत जाऊन काय होऊन बसतो ते सांगायचं, ही कल्पनाही चांगली आहे. 'गरीब' या शब्दाचं प्रकरण तर मी दोनदा वाचलं. अरबीच्या घरी गरीब म्हणजे परका, मुलखाबाहेरचा, म्हणून जरा विचित्रही. फारसीच्या घरी आपल्या माणसांपासून तुटलेला, परदेशी एकटा पडलेला. हिंदी-उर्दूच्या घरी येईतो त्याचा खिसा रिकामा झाला, जुनी खूण फक्त 'अजीबोगरीब'मध्ये उरली. आणि मराठीच्या घरी निर्धन तर तो आहेच, पण स्वभावानंही मवाळ झाला. गाय गरीब, लेकरू गरीब, सासू गरीब निघाली तर नशीब. आठवीच्या वर्गात मी ही पानं वाचून दाखवली, पोरं खूश झाली.

मराठीच्या घराची सगळी मजा मायच्या एका वाक्यात आहे. ते तुलाही ठाऊक आहे, म्हणून तू ते पुस्तकाच्या पाठीवरही छापलंस. 'मोठ्या गाडीतून उतरते, पण बाई गरीब आहे, भाव करत नाही.' असं वाक्य तुझ्या विद्यापीठातल्या एकाला तरी सुचलं असतं का? आणि त्या वाक्याच्या आधी, पान एकशे तेरावर, तू काय लिहिलंस ते तुझं तुलाच वाचून दाखवते. 'अभ्यासदौऱ्यात अकोल्याच्या बाजारात भेटलेली एक निरक्षर भाजीविक्रेती, वय अंदाजे सत्तर, म्हणाली.'

भेटलेली म्हणे. अरे, कुठं भेटली तुला ती? तुझा अभ्यासदौरा माझ्या स्वयंपाकघरात झाला, दोन उन्हाळे. तू पाटावर बसून तिच्या हातची भाकर आणि आंबाडीची भाजी खात होतास, आणि मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला होतास. ती बोलत होती, तू रेकॉर्ड करत होतास, मध्येच ताक मागत होतास. वय अंदाजे? तिच्या आधार कार्डावर १ जानेवारी १९५४ आहे आणि ते कार्ड काढायला तूच तिला घेऊन गेला होतास.

माय समोर बसून होती. माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काय वाचणार होते? मी पानावर बोट ठेवलं आणि वाचलं, 'हे वाक्य माझ्या मायचं, तानुबाई राखोंडे यांचं. माझ्याजवळ जे शब्द आहेत, ते आधी तिच्याजवळ होते.' तीस वर्षं मास्तरकी केली आहे, न अडखळता वाचलं.

तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग तेच शब्द तसेच्या तसे आठवून म्हणावे लागले. नंतर ती मेथीकडे वळली, पण निवडलेली आणि न निवडलेली जुडी एकाच टोपलीत टाकत राहिली. आता रोज संध्याकाळी चहा झाला की पुस्तक आणून देते. माझं वाक्य मला पाठ झालंय.

मला फार काही नको. पुस्तकात चूक झाली की शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून चिकटवतात, तशी एक चिठ्ठी छाप. तिचं नाव लिही आणि ती तुझी कोण ते लिही. तिला कळायच्या आत लिही.

ललिता


अकोला
२१ नोव्हेंबर २०२४

धर्मेंद्र,

तुझं चार ओळींचं उत्तर मिळालं. 'माहितगारांची ओळख गुप्त ठेवणं हा संशोधनाचा नियम आहे, तू भावनेच्या भरात वाचते आहेस.'

काल निवडणुकीच्या ड्यूटीवर होते. सबंध दिवस एका बाकावर बसून माणसांच्या बोटांना शाई लावली. त्यामुळे आज सुट्टी आहे, आणि भावनेच्या भरात मी तुझं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेन्सिल घेऊन वाचलं. मूर्तिजापूरचे प्रगतिशील शेतकरी नत्थुजी यांचं नाव आहे, गावासकट, त्यांच्या चाळीस एकर काळ्या जमिनीसकट. धामणगाव रेल्वेचे सेवानिवृत्त मुख्याध्यापक खुशालराव यांचं नाव आहे, वर 'ऋणी आहे' असंही आहे. बरं, ही मोठी माणसं, असं मी म्हटलं असतं. पण मायच्या शेजारी ज्यांचा केळीचा ठेला आहे, ते मुनीरचाचाही आहेत तुझ्या पुस्तकात, पूर्ण नावानिशी. 'गरीब'चा उर्दू अर्थ त्यांनी कसा सांगितला, त्याचा अर्धा परिच्छेद आहे. तुझ्या नियमानं बाजारातल्या त्या एकाच ओळीत बसलेल्या दोघांपैकी केळीवाल्याचं नाव लिहायचं आणि भाजीवालीचं लपवायचं, असं आहे का?

एकूण एकोणीस माणसं मोजली. अठरा जणांना नाव आहे.

दुपारी तुझा दुसरा निरोप आला. स्वतःच्याच आईला माहितगार केलं तर संशोधन पक्षपाती ठरतं, लोक बोट ठेवतात. हे मला समजलं, मी अगदीच अडाणी नाही. मग तिचं वाक्य घ्यायचं नव्हतंस. नत्थुजींकडून घ्यायचं होतंस, आहेत ना चाळीस एकर. पण तिचं वाक्य तुला हवं होतं आणि ती नको होती. खरं सांगू का? नुसतं 'तानुबाई' लिहिलं असतंस तरी चाललं असतं, कुणाला कळलं नसतं. तेवढंही तुझ्या हातानं लिहवलं नाही. 'निरक्षर' मात्र लिहवलं.

काल मायही मतदानाला गेली होती, नातीबरोबर, माझ्या खुशीबरोबर. येऊन मला सांगत होती की तिथल्या साहेबानं यादीत बघून मोठ्यानं नाव वाचलं, 'तानुबाई राखोंडे', आणि सगळ्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. हे तिनं मला दोनदा सांगितलं. मग म्हणाली, "मी पुस्तक घेऊन बसतो उद्यापासून. शिकलेलं गिऱ्हाईक आलं का वाचाले देतो."

तिच्याकडे कोण येत नाही? बँकेतली माणसं येतात, कॉलेजच्या पोरी येतात, आमच्या शाळेतल्या बाया येतात. पहिलाच माणूस पान एकशे तेरा मोठ्यानं वाचेल. मी तिला सांगितलं, पुस्तक शाळेत न्यायचं आहे, मोठ्या बाईंना हवंय. आणि माझ्या कपाटात कुलपात ठेवलं. आता मी तुझ्यासाठी चोरीही करते आहे.

चिठ्ठी छाप. किती दिवस मी कपाटाची किल्ली सांभाळू?

ललिता


अकोला
१५ डिसेंबर २०२४

धर्मेंद्र,

परवा फोनवर तू जे बोललास, त्याला मी तिथल्या तिथं उत्तर दिलं नाही. तुझी आरती मागून 'जाऊ द्या हो' म्हणत होती ते मला ऐकू येत होतं, म्हणून नाही. तू खरं बोलत होतास, म्हणून. आज लिहिते.

तू म्हणालास, "तू मले नाव छापाले सांगून राहिली, पण तूच काय केलं होतं शाळेत?"

हे तुला मीच सांगितलं होतं, एका भाऊबीजेला, ओवाळून झाल्यावर, रडत. तू तेव्हा माझ्या पाठीवर हात ठेवला होतास आणि परवा तोच प्रसंग काढून माझ्या तोंडावर मारलास. मारलास ते बरोबर मारलास.

झालं ते असं झालं. मी शाळेत नवीन नव्हते, सतरा वर्षं झाली होती, म्हणजे तीही सबब नाही. माय हरभऱ्याची कोवळी भाजी घेऊन आली, मला आवडते म्हणून. डोक्यावर टोपलं, पायात एका पट्ट्याची चप्पल. मोठ्या बाई माझ्याजवळच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, या कोण? मी म्हटलं, आमच्याकडे भाजी देतात त्या. मायनं माझ्याकडे पाहिलं नाही. मोठ्या बाईंना म्हणाली, "हो बाई, ताजी आहे." भाजी माझ्या टेबलावर ठेवली आणि जिना उतरून गेली. ती तेव्हा वेगळी राहायची; पुढं घरी आली तेव्हा ती भाजी कशी केलीस एवढंच तिनं विचारलं.

झालं? आता तुझ्याजवळ माझ्याविरुद्धचा कागदही आहे, माझ्या सहीचा. हवा तिथं दाखव.

पण यातून तू जे काढतोस ते मला मान्य नाही. मी एकदा आपल्या मायला परकी केली, एका माणसासमोर, अर्ध्या मिनिटात, आणि तेरा वर्षं झाली तरी मला हरभऱ्याची भाजी घशाखाली उतरत नाही. तू ते सावकाश केलंस. लिहून काढलंस, टाइप केलंस, प्रुफं तपासलीस, स्वल्पविराम घातलेस आणि पाचशे प्रती छापल्यास. प्रत्येक वेळी तुला ती ओळ दिसली असेल. मला हीच चीड आहे. मला लाज होती आणि तुझ्याजवळ वेळ होता.

पुरस्काराची निमंत्रणपत्रिका मिळाली. ५ जानेवारी, सकाळी अकरा, अमरावती. पत्रिका माझ्या नावानं आहे, 'सहपरिवार'. मायच्या नावानं नाही. तुझा निरोपही मिळाला की मायला आणू नको, हॉल पहिल्या मजल्यावर आहे, जिना उंच आहे, तिचे गुडघे दुखतात. मायचे गुडघे आता आठवले का? पहाटे मंडईतून साठ किलो माल उचलताना कोणाचे गुडघे असतात?

तिनं पत्रिका पाहिली. तिला तुझा फोटो ओळखता येतो. साडी काढून ठेवली आहे, हिरवी, खुशीनं दिलेली. मुनीरचाचांना सांगितलंय की रविवारी माझ्या जागेवर लक्ष ठेवा, लेकाचा सत्कार आहे. चाळीस वर्षांत तिचा रविवार कधी चुकला नाही, वडील गेले त्या आठवड्याचा सोडून.

मी तिला आणणार आहे. तू काय वाचायचं ते तू ठरव. अजून तीन आठवडे आहेत आणि चिठ्ठी एका दिवसात छापून होते.

ललिता


अकोला
८ जानेवारी २०२५

धर्मेंद्र,

तुझा कालचा निरोप वाचला. 'ताई, आता तरी राग सोड, सगळं गोड झालं.' कुणाचं गोड झालं? तू आपल्या व्यासपीठावरून काय बघितलंस ते तुला माहीत. खाली तिसऱ्या ओळीत काय झालं ते मी सांगते.

माय जिना चढली. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत चढली, पण चढली. दारातल्या टेबलावर तुझी पुस्तकं विकायला मांडलेली होती. मी एक उचलून पान एकशे तेरा उघडलं. चिठ्ठी नव्हती. सगळ्या प्रती तशाच होत्या. मी पुस्तक खाली ठेवलं आणि तिला आत नेऊन बसवलं. तिच्या शेजारी आकांक्षा नावाची मुलगी होती, तुझ्याच विभागात एम.ए. करते. तिनं मायला पाणी आणून दिलं, नाव विचारलं, गाव विचारलं. माय म्हणाली, तो वर बसला आहे ना, त्याची माय. मुलगी उठून पाया पडली. तुझे विद्यार्थी चांगले आहेत, ते तुझ्यामुळे की तू असूनही, ते मला माहीत नाही.

मग तू उठलास. शाल, श्रीफळ, टाळ्या. म्हणालास, एक उतारा वाचून दाखवतो. 'गरीब'चं प्रकरण काढलंस आणि चष्मा सारखा करताना तुला आम्ही दिसलो. मी पाहिलं, तू थांबलास. आणि तू पुस्तकात बघत वाचलंस, "हे वाक्य माझ्या मायचं, तानुबाई राखोंडे यांचं. माझ्याजवळ जे शब्द आहेत, ते आधी तिच्याजवळ होते."

अरे, ते वाक्य माझं आहे. भाऊबीजेला, तुझी लाज झाकायला मी जी थाप मारली, ती तू पत्रातून पाठ करून व्यासपीठावर वाचलीस. लोकांनी डोळे पुसले. अध्यक्षांनी मान हलवली. पुढच्या ओळीतला फोटोवाला मायकडे वळला. आणि माय... तिचा चेहरा मी तुला सांगणार नाही, तो तुला फुकटात मिळू नये असं मला वाटतं. एवढं सांगते की तेव्हा क्षणभर मीही तुला माफ केलं होतं.

टाळ्या सुरू असतानाच आकांक्षा आपल्या हातातली प्रत चाळत होती. नुकतीच विकत घेतलेली. पान सापडलं तिला. भाबडी पोर, तिला वाटलं आपलंच चुकतंय. ती मायकडे वाकून म्हणाली, "आजी, सर म्हणाले ते यात नाही." आणि जे होतं ते तिनं वाचलं. हळू आवाजात, स्पष्ट. अभ्यासदौऱ्यात भेटलेली. निरक्षर. वय अंदाजे सत्तर. वाचून होईतो तिलाच कळलं असावं, कारण शेवटचा शब्द तिनं गिळला.

मायनं ऐकून घेतलं. मग त्या मुलीच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "पुस्तक चुकलं असन. पोरगा बराबर बोलला."

त्या पोरीला तिनं सांभाळलं, तुला सांभाळलं. नंतर तू खाली आलास, तिच्या पाया पडलास, फोटो काढलास, आणि विचारलंस, "माय, झालं ना समाधान?" ती हो म्हणाली. तू लगेच अध्यक्षांना जेवायला घेऊन गेलास. आम्ही दोघी ऑटोनं बडनेऱ्याला आलो आणि दुपारची गाडी धरली.

मूर्तिजापूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "काव ललिते, तूबी मले असंच वाचून दाखवलं ना?"

मी हो म्हटलं. आता खोटं बोलायला काही उरलं नव्हतं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हिशेबी बाई, माल हातात घेऊन बघितल्याशिवाय बोलत नाही. म्हणाली, "तुमी दोघंबी मले मोठ्यानं वाचून दाखवता. लिहित कोणीच नाई."

धर्मेंद्र, तू पीएच.डी. आहेस, मी तीस वर्षं फळ्यावर लिहिते आहे. तिच्या दोन लेकरांनी आजवर जे काय लिहिलं असेल त्याचे कागद रचले तर माणूसभर उंच होतील. आणि हे वाक्य आम्हाला रेल्वेच्या डब्यात, तिच्याकडून ऐकावं लागलं. मी खिडकीकडे तोंड करून रडले. तिनं पिशवीतून दोन पेरू काढले, एक मला दिला.

सोमवारी पहाटे ती बाजारात निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर गेले. कपाटातलं पुस्तक काढून दिलं. ते माझं कधी नव्हतंच. साडेनवाला तिचं नेहमीचं गिऱ्हाईक आलं, बँकेतल्या वच्छलाताई. मायनं त्यांच्यापुढे पान एकशे तेरा उघडलं, बोट नेमकं त्या ओळीवर ठेवलं. कोणती ओळ ते तिनं आकांक्षाच्या बोटावरून बघून ठेवलं होतं. म्हणाली, "बाई, हे काटा आन् माहं नाव लिहा." वच्छलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी बँकेच्या पेनानं ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'तानुबाई राखोंडे, लेखकाची आई.' मायनं विचारलं, किती शब्द झाले. चार, असं त्यांनी सांगितलं. माय म्हणाली, पहिले जास्त होते.

मला वाटलं, झालं, मिटलं. मी निघाले तर तिनं हाक मारली. असे पुस्तकं किती छापले, असं विचारलं. मी म्हटलं, पाचशे.

"मंग बाकीचे?"

मी म्हटलं, माय, ते लोकांच्या घरी गेले. काही विकले, काही वाटले.

आता ऐक, कारण तू तिच्या जागेवर कधी दोन तास सलग बसला नाहीस, म्हणून तुला हे माहीत नसेल. तिच्याकडे एक रीत आहे. वांगं घरी जाऊन किडकं निघालं तर गिऱ्हाइकानं काही सांगायचं नाही, नुसतं आणून टोपलीशी ठेवायचं, ती दुसरं देते. आणि माल खराब होता हे तिला मागून कळलं आणि गिऱ्हाईक बोलायला आलंच नाही, तर ती स्वतः त्याचं घर शोधत जाते. एकदा एका पाटीतलं सांबार, तुझ्या पुस्तकी मराठीत कोथिंबीर, आतून सडकं निघालं तेव्हा ती ज्यांना ज्यांना ते दिलं होतं त्या सगळ्यांच्या दारी गेली होती, ऐन उन्हात. मुनीरचाचा अजून त्यावरून तिची थट्टा करतात.

तर ती मला म्हणाली, "खराब माल गेला गिऱ्हाइकाच्या घरी. आणाच लागते वापस. त्याले सांग, रविवारी भोगीचा बाजार आहे, मी दिवसभर बसून आहो. माह्या बाजूनं बस म्हणा. एकेक पुस्तक येईन तसं तसं लिहून दे म्हणा."

मी म्हटलं, तो नाही यायचा, माय. त्याची तिथं इज्जत आहे. त्यावर ती जे म्हणाली ते मी तुला जसंच्या तसं लिहून पाठवते, कारण वाचून दाखवणं आता बंद. "माही अठी नाई का?"

म्हणून मी काही कामं करून टाकली आहेत. आकांक्षानं हॉलमध्ये नंबर दिला होता, तिला फोन केला. विक्रीचं टेबल तिच्याच वर्गाकडे होतं, त्यामुळे तिथं ज्यांनी पुस्तक घेतलं त्यांची यादी तिच्याजवळ होती, सगळ्यांना निरोप गेला आहे. ती आणि तिच्या वर्गातल्या अकरा जणी सकाळच्या गाडीनं येणार आहेत, प्रत्येकीच्या हातात तुझं पुस्तक असेल. ग्रंथालयाच्या दोन प्रतीही येत आहेत. मुनीरचाचांनी गल्लीतल्या शाळामास्तरांना सांगितलंय. नत्थुजींना तू सही करून दिलेली प्रत मूर्तिजापूरहून येते आहे, ते स्वतः घेऊन येतो म्हणाले, त्यांना काही विशेष वाटलं नाही. म्हणजे ज्यांच्यासमोर तुला लाज वाटत होती त्यांना लाज वाटत नाही, असं दिसतं.

आणि माझं. काल मी आमच्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. त्या आता निवृत्तीला आल्यात, त्यांना तो हरभरा आठवतही नसेल. मी म्हटलं, बाई, भोगीची भाजी या वर्षी माझ्या मायकडून घ्या. गाजर, वाल, वांगी, हरभऱ्याचे सोलाणे, सगळं एका जागी मिळेल. त्या म्हणाल्या, तुमची आई भाजी विकते? मी हो म्हटलं. तेरा वर्षं उशिरा, पण म्हटलं.

तू आला नाहीस तरी काम अडणार नाही. पेन माझ्याजवळही आहे. पण मग प्रत्येक प्रतीत मी माझ्या शब्दांत लिहीन, आणि काय लिहिलं ते तुला मागाहून कळेल, पान एकशे तेरा आम्हाला छापून झाल्यावर कळलं तसं.

ती पहाटे सहाला बसते. तिच्या डाव्या हाताला मी बसणार आहे. उजव्या बाजूला मुनीरचाचांनी आपला केळीचा ठेला हातभर सरकवून घेतला आणि मायनं तिथं एक धुतलेलं गोणपाट अंथरून ठेवलंय. आज दिवसभरात दोन गिऱ्हाइकं त्याच्यावर पिशवी ठेवायला गेली. तिनं दोघांनाही ठेवू दिली नाही.

ललिता